स्पेनच्या जुन्या शहरांतून जाताना



आपल्या धर्मग्रामातील चाळीसेक भाविक यंदा फातिमा आणि लूर्दच्या यात्रेला निघाले आहेत. या दोन तीर्थक्षेत्रांच्या मध्ये स्पेन देश पसरलेला आहे. प्रवास कंपनीच्या कागदावर त्याची वाटणी अशी आहे: तोलेदो (ज्याला आपण टोलेडो म्हणतो) अर्धा दिवस, आविला दोन तास, सालामांका जेवणापुरते. गेल्या रविवारी मिस्सानंतर काहींनी विचारले, "फादर, लूर्दला काय करायचे ते ठाऊक आहे. पण या गावांत नेमके बघायचे काय?"

प्रश्न रास्त आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही असाच एक गट घेऊन या शहरांतून फिरलो. उंच मनोरे, सोन्याच्या वेदी आणि दगडी रस्ते पाहिले, फोटो काढले, चपला झिजवल्या. परत आल्यावर वाचू लागलो तेव्हा ध्यानात आले, की ज्या गोष्टीसाठी आम्ही थांबायला हवे होते तिच्या शेजारून आम्ही सरळ चालत गेलो होतो. तुमचे तसे होऊ नये, आणि जे घरीच राहणार आहेत त्यांनाही काही हाती लागावे, म्हणून आजचा हा पाठ.

तोलेदोपासून सुरुवात करू. माद्रिदच्या दक्षिणेला सुमारे ७० किलोमीटरवर एका खडकाळ टेकडीवर हे शहर वसले आहे. तीन बाजूंनी ताहो नदीने त्याला कवेत घेतले आहे. हीच नदी पुढे पोर्तुगालात जाऊन लिस्बनला समुद्राला मिळते, आणि वसईला येणारी पोर्तुगीज गलबते तिच्याच मुखातून निघत असत. म्हणजे तोलेदोच्या पुलावर उभे राहिलात तर खालचे पाणी आपल्या ओळखीच्या वाटेने निघालेले आहे. टेकडीवर जायला सरकते जिने आहेत. गुडघे दुखणाऱ्यांनी संकोच करू नये.

मुसलमान राजवट येण्यापूर्वी हे व्हिजिगॉथ राजांचे मुख्य शहर होते. हे राजे आरियन मताचे होते. पुत्र हा पित्यासमान देव नाही, असे ते मत. इ. स. ५८९ साली येथे भरलेल्या तिसऱ्या धर्मसभेत राजा रेकारेद याने ते मत सोडून कॅथलिक श्रद्धा स्वीकारली. पवित्र आत्मा पित्यापासून व पुत्रापासून निघतो असे आपण दर रविवारी श्रद्धेच्या प्रकटीकरणात म्हणतो. ते "पुत्रापासून" पश्चिमेकडच्या ख्रिस्तसभेत रुजले त्यात तोलेदोच्या धर्मसभांचा मोठा वाटा आहे. आपण ते शब्द घाईघाईने उरकतो. एकेका शब्दासाठी तेथे राज्ये हलली आहेत.

७११ साली मुसलमान आले. १०८५ मध्ये राजा सहावा आल्फोन्सो याने शहर पुन्हा जिंकले. मधल्या पावणेचारशे वर्षांत तेथले ख्रिस्ती लोक अरबी बोलू लागले, पण आपली जुनी उपासना त्यांनी सोडली नाही. गंमत अशी, की ख्रिस्ती राजा आल्यावर ती उपासना धोक्यात आली, कारण त्याच्याबरोबर रोमन पद्धत आली. तोलेदोतल्या सहा धर्मग्रामांना जुनी पद्धत ठेवायची मुभा मिळाली, म्हणून ती टिकली. पुढे १५०० च्या सुमारास कार्डिनल सिस्नेरोस यांनी तिच्यासाठी कॅथेड्रलमध्ये एक वेगळे चॅपेलच दिले. तेथे ही मिस्सा आजही होते. 'मोझाराबिक' मिस्सा कोठे असते असे विचारा. त्यात धर्मगुरू प्रभूची प्रार्थना म्हणतात आणि प्रत्येक मागणीनंतर लोक आमेन म्हणतात. ख्रिस्तशरीराचे नऊ तुकडे करून ते क्रुसाच्या आकारात मांडतात. प्रत्येक तुकड्याला नाव आहे, देहधारणेपासून मरण, पुनरुत्थान आणि राज्यापर्यंत. मिस्सा लॅटिनमधूनच होती तोवर ती सर्वत्र एकसारखी होती, असे आपले वडीलधारे सांगतात. तेही पुरते खरे नव्हते, हे येथे कळते.

याच शहरात १२ व्या आणि १३ व्या शतकांत अरबी ग्रंथांची लॅटिन भाषांतरे झाली. इटलीतील क्रेमोनाचा जेरार्ड टॉलेमीच्या खगोलशास्त्राचा ग्रंथ शोधत येथे आला आणि जन्मभर राहिला. आरिस्टॉटलचे कितीतरी लिखाण युरोपला या वाटेने पुन्हा मिळाले, आणि त्यासोबत कोर्दोबाच्या इब्न रश्दची भाष्येही आली. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्वायनस यांच्या पानोपानी 'तत्त्ववेत्ता' आणि 'भाष्यकार' असे दोन उल्लेख आम्ही वाचत असू. पहिला आरिस्टॉटल, म्हणजे मूर्तिपूजक ग्रीक. दुसरा इब्न रश्द, म्हणजे मुसलमान काझी. आणि जेथे थॉमस 'रब्बी मोशे' म्हणतात तेथे कोर्दोबात जन्मलेला यहुदी विद्वान मायमोनिडिस अभिप्रेत आहे. आमच्या परीक्षेत हे कधी विचारले गेले नाही. पण ज्या संताच्या विचारावर आपल्या धर्मगुरूंचे शिक्षण शतकानुशतके उभे राहिले, त्याच्या टेबलावर या तिघांची पुस्तके उघडी असत.

आता आम्ही जेथून सरळ चालत गेलो तेथे येऊ. कॅथेड्रलपासून पश्चिमेला जुना यहुदी मोहल्ला आहे. तेथे 'सांता मारिया ला ब्लांका' नावाची वास्तू आहे. नाव पवित्र मरियेचे, पण आत शिरले की पांढऱ्या खांबांच्या रांगा आणि घोड्याच्या नालासारख्या कमानी. आमच्यासोबतच्या एका आजीने दारातच विचारले, "फादर, हे देऊळ आपले की त्यांचे?" आम्ही गाइडकडे पाहिले, गाइडने घड्याळाकडे.

ती वास्तू यहुद्यांनी बांधलेले सिनेगॉग होते. मुसलमानी शैलीत, ख्रिस्ती राजाच्या अमलाखाली. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला ते काढून घेऊन त्याचे चर्च करण्यात आले. थोड्या अंतरावर दुसरे सिनेगॉग आहे, 'एल त्रान्सितो'. राजा पेद्रो याचा खजिनदार सामुएल हालेवी याने ते चौदाव्या शतकाच्या मध्यास बांधले. भिंतीवरची हिब्रू अक्षरे अजून वाचता येतात. १४९२ नंतर त्याचेही चर्च झाले. आज ते यहुदी इतिहासाचे संग्रहालय आहे.

या दोन वास्तूंच्या मधे जे घडले ते समजून घेणे जड जाते. १३९१ साली सेव्हिलमध्ये यहुद्यांविरुद्ध दंगल पेटली आणि शहरामागून शहर जळत गेले. हजारो यहुद्यांनी जीव वाचवण्यासाठी बाप्तिस्मा घेतला. काहींनी मनापासूनही घेतला. बुर्गोस शहराचा मुख्य रब्बी ख्रिस्ती झाला आणि पुढे त्याच बुर्गोसचा बिशप झाला, पाब्लो दे सांता मारिया. त्याच्यामागून त्याचा मुलगा अलोन्सो दे कार्ताहेना तेथलाच बिशप झाला. (बाप धर्मगुरू होण्यापूर्वी संसारी होता, म्हणून मुलगा. कोणी भुवया उंचावू नयेत.) बुर्गोसचे कॅथेड्रल तुमच्या वाटेवर लागले तर या बापलेकांची आठवण ठेवा.

पण बाप्तिस्मा घेऊनही प्रश्न मिटला नाही, उलट नवा सुरू झाला. ही माणसे आता कॅथलिक होती, मिस्साला येत होती, दरबारात आणि चर्चमध्ये पदे मिळवत होती. तेव्हा 'जुने ख्रिस्ती' म्हणू लागले, की यांची श्रद्धा असेल, पण रक्त? १४४९ साली तोलेदोत दंगल झाली आणि शहराच्या कारभाऱ्यांनी नियमच केला: यहुदी वंशाच्या ख्रिस्ती माणसाला शहरात कोणतेही पद मिळणार नाही. 'रक्ताची शुद्धता' असे त्या कल्पनेचे नाव पडले.

त्याच वर्षी पोप पाचवे निकोलस यांनी एक फर्मान काढून या नियमाचा धिक्कार केला. बिशप अलोन्सो यांनी त्याविरुद्ध ग्रंथ लिहिला. संत पौलाने गलतीकरांना जे कळवले, की ख्रिस्तात यहुदी आणि हेल्लेणी हा भेद राहत नाही, ते बाप्तिस्म्याच्या पाण्याविषयीच आहे, हाच मुद्द्याचा गाभा. पाण्याने माणूस नवा होतो की नाही? होतो, तर आजोबा विचारायचे कारण नाही. होत नसेल, तर आपणा कोणाचाच बाप्तिस्मा खरा नाही. याच बाजूने लेखणी उचलणारे आणखी एक होते, कार्डिनल हुआन दे तोर्केमादा. आडनाव ओळखीचे वाटेल, कारण त्यांचा पुतण्या तोमास दे तोर्केमादा पुढे इन्क्विझिशनचा पहिला मुख्य न्यायाधीश झाला. काका एका बाजूला, पुतण्या दुसऱ्या.

१४८५ साली तोलेदोत इन्क्विझिशन बसले. ठरलेल्या मुदतीत येऊन चूक कबूल करणाऱ्यांना समेट देण्यात येई. त्या वर्षी आलेल्यांत हुआन सांचेझ नावाचा कापडाचा व्यापारी होता. आपण ख्रिस्ती असूनही गुपचूप यहुदी रिती पाळल्या, असे त्याने कबूल केले. शिक्षा अशी: सात शुक्रवार, इतर दोषींसह, क्रूस रंगवलेला झगा घालून शहरातल्या चर्चेसमोरून मिरवणुकीने चालायचे. शेजारीपाजारी बघत. सोबत त्याची मुलेही होती असे मानतात. त्यातला अलोन्सो तेव्हा पाचेक वर्षांचा असेल.

पुढे हे कुटुंब तोलेदो सोडून आविलाला गेले. पैशाने कुलीनपणाचा दाखला मिळवला. अलोन्सो मोठा झाला, लग्न झाले, पहिली पत्नी वारल्यावर दुसरे झाले. २८ मार्च १५१५ रोजी त्याला मुलगी झाली. तिचे नाव तेरेजा.

होय, आपली संत तेरेजा. कार्मेल मठांची सुधारक, १९७० साली पोप सहावे पौल यांनी जिला ख्रिस्तसभेच्या आचार्यपदाचा मान दिला ती. ज्यांना आजवर हा मान मिळाला त्यांतली ती पहिली स्त्री. सात शुक्रवार झगा घालून चाललेल्या माणसाची नात.

तिने हे कधीच लिहिले नाही. कुलीनपणाच्या दाव्याचे जुने कोर्टाचे कागद १९४० च्या दशकात एका अभ्यासकाने छापले तेव्हा जगाला कळले. शेकडो वर्षे तिच्या चरित्रांत ती थोर, निष्कलंक घराण्यातली असेच सांगितले जाई. भाविकांना तसेच हवे असावे.

हे डोक्यात ठेवून आविलाला जा. शहराभोवती अडीच किलोमीटरचा तट आहे, सुमारे ८८ बुरूज आणि नऊ दरवाजे. समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरपेक्षा उंच, तेव्हा मे महिन्यातही स्वेटर जवळ असावा. कॅथेड्रलचा मागचा भाग या तटातच बसवलेला आहे, म्हणजे वेदीमागची भिंत हीच किल्ल्याची भिंत. आमच्या गटातल्या तरुणांना हे फार आवडले. आम्हाला तेथे जरा अवघडल्यासारखे झाले.

तेरेजाचा मठ तटाबाहेर आहे. १५३५ साली ती एन्कार्नासियोन मठात गेली आणि १५६२ साली संत योसेफाच्या नावाने तिने पहिला लहान, गरीब मठ उघडला. हे दोन्ही मठ पाहा, पण तिसरे एक ठिकाण कागदावर नाही: सांतो तोमास, डॉमिनिकन संघाचा मठ. तेरेजा येथे पापनिवेदनाला येत असे. आणि याच मठात, १४९८ साली, तोमास दे तोर्केमादाला पुरले होते. यहुद्यांनी देश सोडावा असे फर्मान ३१ मार्च १४९२ रोजी निघाले, त्यामागे त्याचा जोर होता. ज्याच्या न्यायालयाने आजोबाला झगा घातला, त्याच्या थडग्याच्या मठात नात गुडघे टेकते. त्या वेळी तिच्या मनात काय येत असेल ते प्रभूलाच ठाऊक.

तिच्या पुस्तकांत मात्र एक शब्द पुन्हा पुन्हा येतो: मान. घराण्याचा मान, नावाचा मान. त्याच्यावर ती तुटून पडते. १५६९ साली ती तोलेदोला, आजोबांच्याच गावी, मठ काढायला गेली. पैसे देणारे कुटुंब व्यापाऱ्याचे, म्हणजे त्या काळच्या नजरेत संशयित रक्ताचे. चर्चमधली मुख्य जागा अशांच्या दफनासाठी द्यायची? कुलीन मंडळी कुरकुरली, तीही थोडी डगमगली. मग प्रार्थनेत प्रभूने आपल्याला यावरून खडसावले असे तिने स्वतः लिहिले आहे. वंश आणि मोठेपण त्याच्यापुढे मोजले जात नाही, असा त्या बोलण्याचा आशय. जागा त्या कुटुंबाला मिळाली.

आणि हे तेव्हा, जेव्हा त्याच शहराच्या कॅथेड्रलचा नियम उलटा होता. १५४७ साली आर्चबिशप सिलिसेओ यांनी ठरवले होते, की यहुदी वंशाचा धर्मगुरू कॅथेड्रलच्या पदांवर घ्यायचा नाही. १४४९ साली पोपने धिक्कारलेली गोष्ट शंभर वर्षांनी रोमने मान्य केली. हे लिहिताना हात अडखळतो, पण लपवून उपयोग नाही. संत इग्नासने असा नियम येशूसंघात आणू दिला नाही. आपण प्रभूच्या आणि पवित्र मरियेच्या रक्ताच्या नात्यात जन्मलो असतो तर ती कृपाच मानली असती, असे ते म्हणत. त्यांच्यानंतरचे संघप्रमुख दिएगो लाइनेस हे यहुदी वंशाचे होते. पण १५९३ साली त्यांच्या संघानेही दार बंद केले. ते पूर्ण उघडले १९४६ साली, म्हणजे आपल्यातल्या काही आजी-आजोबांच्या हयातीत. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १२ मार्च २००० रोजी रोममध्ये ख्रिस्तसभेच्या लेकरांच्या पापांबद्दल जाहीर क्षमा मागितली, त्यात यहुद्यांवरचा अन्यायही होता.

आम्ही हे सारे एवढ्या तपशिलाने का लिहितो? कारण स्पेनचे नाव घेतले तरी रोग आपल्याला परका नाही. धर्मग्रामाच्या ऑफिसात लग्नाच्या चौकशीला माणसे येतात. मुलगा चांगला आहे, मिस्साला येतो, नोकरी आहे. मग आवाज खाली जातो: "फादर, पण मूळचे कोण? आपल्यातले का?" कोण कुपारी, कोण वाडवळ, कोण कोळी, कोणाच्या आजोबाने केव्हा बाप्तिस्मा घेतला. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत यासाठी रकाना नाही. तरी बोट नेमके तेथेच फिरते. आम्हीही अशा वेळी कधी कधी गप्प बसलो आहोत, लग्न मोडू नये म्हणून. ते बरे केले असे म्हणवत नाही.

सालामांकाविषयी थोडक्यात, कारण तेथे तुम्हाला जेवायचेही आहे. पिवळसर दगडाचे हे शहर संध्याकाळी सोन्यासारखे दिसते. विद्यापीठ १२१८ सालचे. दर्शनी भिंतीच्या कोरीवकामात कवटीवर बसलेला बेडूक शोधायचा खेळ गाइड लावील, आणि नव्या कॅथेड्रलच्या दारावर अंतराळवीरही दाखवील. तो १९९२ च्या दुरुस्तीत कोरलेला आहे, चमत्कार नव्हे. त्यातून वेळ उरला तर सान एस्तेबान या डॉमिनिकन मठात जा. तेथले फ्रान्सिस्को दे व्हितोरिया १५३९ साली विद्यापीठात उभे राहून म्हणाले, की अमेरिकेतले मूळ रहिवासी आपल्या जमिनीचे खरे मालक आहेत, पोप हे जगाचे ऐहिक राजे नाहीत, आणि कोणी श्रद्धा नाकारली म्हणून त्याच्याशी युद्ध करणे न्याय्य ठरत नाही. सम्राटाला हे रुचले नाही. एकाच देशात, एकाच संघाच्या दोन मठांत हे दोन आवाज होते.

शेवटी कागदावर मुळीच नसलेले एक गाव. आविलाच्या दक्षिणेला, ग्रेदोस पर्वत ओलांडून सुमारे ६५ किलोमीटरवर सान एस्तेबान देल व्हाये नावाचे लहानसे खेडे आहे. १५४२ साली तेथे पेद्रो बाउतिस्ता जन्मला. सालामांकाला शिकला, फ्रान्सिस्कन झाला, मनिलाला गेला. १५९३ साली तो जपानला निघाला तेव्हा त्याला जपानी येत नव्हते. दुभाषा म्हणून त्याच्यासोबत एक बंधू होता, जो पूर्वी जपानात राहिलेला होता, व्यापार करून मग फ्रान्सिस्कन झालेला. वडील पोर्तुगीज, आई वसईकडची, अशी परंपरा. तो म्हणजे आपला संत गोन्सालो गार्सिया.

५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर सव्वीस क्रूस उभे राहिले. त्यांवर सहा फ्रान्सिस्कन होते: चार स्पेनचे, एक मेक्सिकोचा, एक वसईचा. ज्या देशात अर्ध्या रक्ताच्या माणसाला कितीतरी दारे बंद होती, त्या देशाच्या धर्मगुरूचे शब्द जपानच्या सत्ताधीशापुढे आपल्या गोन्सालोच्या तोंडून बोलले गेले, आणि शेवटी दोघे एकाच रांगेत खिळले गेले. १८६२ साली दोघांना एकाच दिवशी संतपद मिळाले.

मागच्या यात्रेत आम्ही आविलाला दोन तास होतो, त्यातला एक तास संत तेरेजाच्या नावाची, अंड्याच्या बलकाची मिठाई घेण्यात गेला. सान एस्तेबान तेथून दीडेक तासाच्या अंतरावर आहे, हे आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हते. वसईची पन्नास माणसे, आणि एकालाही नाही.

या वेळी प्रवास कंपनीशी बोलणे झाले आहे. खरेदीचा अर्धा दिवस सोडायला गट तयार असेल तर बस त्या खेड्यात नेता येईल, आणि तेथल्या धर्मगुरूंची परवानगी मिळाल्यास मराठीतून मिस्सा करता येईल. पुढच्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर यात्रेकरूंनी हॉलमध्ये थांबावे, म्हणजे हात वर करून ठरवू. संत गोन्सालोची लहान तसबीर कोणाकडे चौकटीसह असेल आणि त्या गावच्या चर्चला देण्याची इच्छा असेल, तर ती ऑफिसात आणून द्यावी.

आपले धर्मगुरू